लाखेचा हात

मौलालीसारखं लाकूड कोरणारा कोल्हापुरात दुसरा नव्हता, हे खरं. पण हातापेक्षा त्याचं तोंड जास्त चाले. शाहू महाराजांचं राज्य होतं, खासबागेतलं कुस्तीचं मैदान नुकतंच झालं होतं, सगळं गाव पैलवानांच्या गप्पा मारी. हा गडी मात्र आपल्या लाकडी माशांचंच कौतुक सांगत सुटे.

हंबीरराव इनामदारांना मरळ मासे धरायचा नाद होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा रंगीत मासा, पोटाखाली गळ. पाण्यातून ओढला की मरळ त्याला खरा समजून झडप घाली. असे मासे मौलाली त्यांना करून देई. कोरणं त्याचं, रंगही त्याचाच. मधलं काम त्याची बायको लालबी करी. कोऱ्या लाकडाला ती जवसाचं तेल पाजायची, ते वाळलं की लाखेचा हात द्यायची आणि गळाच्या भोकात काडीनं लाख भरायची. नाहीतर लाकूड पाणी पितं आणि रंग सुटतो. पण कुणी तिचं नाव काढलंच, तर मौलाली म्हणायचा, "ती व्हय? ती नुसतं चोपडती."

एकदा हंबीररावांकडं पावणे आले. उद्या सकाळी रंकाळा तळ्यावर नवा मासा हवा, असा निरोप आला.

"अजून तेलबी दिलं न्हाई," लालबी म्हणाली. "थांबा म्हणून सांगा की."

"सरकारास्नी थांबा म्हणू? रंग दिल्यावर आतलं कुणाला दिसतंय?"

त्यानं तिच्या हातातून मासा ओढून घेतला आणि कोऱ्या लाकडावरच रंग चढवला.

सकाळी मासा असा चमकत होता की पावण्यांनी वाहवा केली. हंबीररावांनी दोरी फेकली. पहिल्यांदा मासा झकास पोहला. मग कलायला लागला, आणि शेवटी मेल्यागत आडवा झाला. बाहेर काढला तर रंगाचे पापुद्रे हंबीररावांच्या तळहाताला चिकटले. पावणे खो खो हसले.

"मौलाली, हे काय?"

मौलालीचे कान तापले. आणि त्या हलकटानं तोंड उघडलं.

"बायकोचा घोळ, सरकार. लाख तिनं द्यायची. दिली न्हाई."

बोलून झाल्यावर त्याचं लक्ष पलीकडच्या पायऱ्यांवर गेलं. धुणं धुणाऱ्या बायकांत लालबी होती. तिचे हात थांबले. शेजारणी तिच्याकडं बघायला लागल्या. तिनं पदर पुढं ओढला आणि पुन्हा धुणं आपटायला घेतलं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं मौलालीला वाटलं.

"मग तिला हात लावू देऊ नगंस," हंबीरराव म्हणाले. "हितनं म्होरं समदं तूच कर."

घरी लालबीनं भाकरी वाढली. रोजच्यासारखीच. तेलाची वाटी आणि लाख मात्र तिनं त्याच्यापुढं सरकवून ठेवली होती. मौलालीनं ताट बाजूला सारलं.

"लालबी, चुकलो मी."

"ते मला म्हाईत हाय."

"माफ कर की."

"माझी अब्रू काय घरात काढलीसा?" ती म्हणाली. "रंकाळ्यावर काढलीसा. सांगायचं तर तितं जाऊन सांगा."

तिचं बरोबर होतं, म्हणूनच ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी मौलाली मान खाली घालून रंकाळ्यावर गेला. तेच पावणे, त्याच बायका. तो हंबीररावांपुढं काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," हंबीरराव म्हणाले. "काल कसा बोललास?"

"काल मी खोटं बोललो, सरकार!" मौलाली ओरडला. "ती थांबा म्हणत हुती. मीच हिसकावून घेतला. कालपातुर आपला एक मासा बुडला न्हाई, त्यो तिच्या हातानं. मी कवा कुणाला सांगितलं न्हाई."

पावणे हसले नाहीत. मौलालीनं पायऱ्यांकडं पाहिलं. लालबी ओलं लुगडं तोंडाला लावून हमसून हमसून रडत होती. काल सगळ्यांपुढं एवढं ऐकून ती रडली नव्हती. तिच्याजवळ जायला मौलालीचा पाय उचलेना.