पहिला कौल

भात उकडायचं असलं की परबांच्या मागीलदारी सकाळपासून धूर असे. त्या दिवशीही होता. चुलवणावर तांब्याचं मोठं तपेलं, तपेल्यात नवं भात, आणि पुढे पाट घेऊन बसलेली रुक्मिणी. एका हाताने ती नारळाची सोडणं आत सारत होती आणि मांडीवर पुस्तक उघडं होतं. भाताची साल उकलली की तपेलं उतरवायचं, एवढं भान ठेवून उरलेलं लक्ष तिने करुणरसाकडे लावलं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं, करुणाचा स्थायी भाव शोक. त्याच्या खुणा म्हणजे अश्रू, निःश्वास, विलाप, छाती पिटणं, भुईवर अंग टाकणं. रुक्मिणीने त्या बोटांवर मोजल्या. आपल्यात यातली एकही नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने पुस्तक मिटलं.

तिचा नवरा भिकाजी मास्तर जाऊन अकरा महिने होऊन गेले होते. गेल्या मार्गशीर्षात पाच दिवस ताप आला आणि सहाव्या दिवशी गावच्या शाळेला सुट्टी मिळाली. तेव्हापासून रुक्मिणीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वाडीतल्या बायका सुरुवातीला रोज येऊन बसायच्या, तिच्या तोंडाकडे बघायच्या आणि शेवटी 'दगडाच्या काळजाची' असा निकाल देऊन आपापल्या कामाला लागल्या. रुक्मिणीला त्याचंही काही वाटलं नाही. वाटणं म्हणून जे असतं, तेच कुठेतरी ठेवून विसरल्यासारखं झालं होतं.

त्या घरची रीत अशी, की नवरा गेलेल्या बाईने वर्षभर पुढच्या दाराचा उंबरा ओलांडायचा नाही. मागीलदारची चूल, विहीर आणि माजघरापलीकडची काळोखी खोली एवढं तिचं राज्य. कुणी कामाला निघालं तर त्याच्या वाटेत यायचं नाही, पाहुणा आला तर दिसायचं नाही. ही रीत कुणी घातली म्हणून विचारलं असतं तर मिठबाव गावात एकालाही सांगता आलं नसतं. मोडायची म्हटली की मात्र ती सगळ्यांना तोंडपाठ होती.

ते पुस्तक होतं साहित्याच्या वरच्या परीक्षेचं. ती परीक्षा पुण्याची एक संस्था घेत असे. तिच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या दोन रुक्मिणीने भिकाजीपाशी शिकून पार केल्या होत्या. तिसरी झाली की देवगडला मुलींना मराठी शिकवायची जागा तिला मिळणार होती, तसा शब्द मिळाला होता. पण तिन्ही पायऱ्या तीन वर्षांत चढायच्या, नाहीतर आधीच्या दोन रद्द. हे तिसरं वर्ष. तिचा फॉर्म भिकाजीने आजारी पडायच्या आठवडाभर आधी स्वतःच्या हाताने भरून पाठवला होता. परीक्षा सावंतवाडीला होती, आणि तिची तारीख नेमकी वर्ष सरायच्या बारा दिवस आधी पडली होती.

तपेलं उतरवून झालं आणि पुढच्या खळ्यातून धोंडू पोस्टमनची हाक आली.

"सौ. रुक्मिणी भिकाजी परब!"

हाक मारली आणि धोंडूने जीभ चावली. पाकिटावर जे होतं ते त्याने वाचलं होतं, बिचाऱ्याचा काय दोष! पाकीट घेतलं दाजीने. दाजी म्हणजे भिकाजीचा थोरला भाऊ, घरचा कर्ता. आतलं प्रवेशपत्र त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि माजघराच्या दाराशी आला.

"हंयसर सौ. कोण आसा आता?" तो म्हणाला. मग स्वतःलाच ओशाळून त्याने पत्र दाराआड सरकवलं आणि आवाज उतरवला. "तुका जावचा आसा?"

"होय," दाराआडून रुक्मिणी म्हणाली. "बाराच दिस कमी पडतत, दाजी."

"बारा झाले तरी ते दिसच मां? लोक काय म्हणतले?"

दाजी वाईट माणूस नव्हता. भावाच्या तापात देवगडपर्यंत चालत जाऊन डॉक्टरला घेऊन आला तो हाच. वाईट माणसाशी निदान भांडता येतं, याच्याशी तेही जमत नसे.

"मी नाय म्हणनंय नाय," तो म्हणाला. "देवाक इचारूया. तेनी उजवो कौल दिल्यान तर खुशाल जा."

आमच्या भागात देवाला विचारल्याशिवाय माणूस विहीर खणत नाही की मुलगी देत नाही. देवळात गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार; डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. देवाने सांगितलं म्हटल्यावर माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

सोमवारी दाजी देवळात गेला. सोबत त्याची आई सावित्री, तिला सगळे आये म्हणत. रुक्मिणीला अर्थातच देऊळ बंद. ती पडवीमागे उकडलेलं भात चटईवर पसरत बसली. देवळातून गाऱ्हाण्याला साथ देणारा 'व्हय म्हाराजा' असा गलका एकदा आला, पुन्हा एकदा आला, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. तिने ते ऐकलं, पण मोजलं नाही.

दाजी घरी आला तो टोपी खुंटीला लावत म्हणाला, "डावो इलो."

 आयेने विहिरीवर जाऊन पाय धुतले आणि पुन्हा पुन्हा धुतले. रुक्मिणीने "बरां" म्हटलं आणि भाताला हात लावून ते कितपत वाळलं ते पाहिलं.

पुढे आठ-दहा दिवस तिने पुस्तक उघडलं नाही. वाचायचं नाही असं ठरवलं नव्हतं, हातच तिकडे जात नव्हता. परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायला काढली. जुन्या लुगड्याचा फडका पसरला आणि अर्धवट राहिलेलं ते पुस्तक शेवटचं म्हणून उघडलं. खुणांच्या त्या पानामागे यादी अजून चालूच होती. त्यात एक शब्द होता, जडता. माणूस ऐकत नाही, बोलत नाही, बरं-वाईट त्याला कळत नाही, नुसता टक लावून पाहत राहतो. हीही शोकाचीच खूण, असं एका जुन्या शास्त्रकाराने शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

रुक्मिणीने ते तीनदा वाचलं. वाडीतल्या बायकांपेक्षा तो शास्त्रकार बरा; त्याने निदान यादी पुरी केली होती.

"काय लिवलेला आसा थंय?" दारात आये उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती.

रुक्मिणीने सोप्या शब्दांत सांगितलं. रडू येत नाही, काही वाटत नाही, म्हणून त्या माणसाला दुःख नाही असं नव्हे, असं ह्यात लिहिलंय म्हणाली.

आये उंबऱ्यावरच बसली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

"माका पण तसाच झाला होता," ती म्हणाली. "माका वाटला, मीच एकटी तशी. कोणाक सांगूक नाय."

मग तिने पुस्तकांच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"पयलो कौल उजवो होतो, रुकू."

रुक्मिणीने मान वर केली.

"उजवो. माज्या डोळ्यांनी बघलंय. दाजी म्हणालो, वारो इलो, कळी वाऱ्यान पडली, परत लाव. शंकर गुरवान परत लावल्यान. परत उजवोच. मगे दाजी म्हणालो, गाऱ्हाणा नीट घातला नाय. तिसऱ्यांदा डावो पडलो. तेव्हा वारो नव्हतो, गाऱ्हाणा पण नीट झाला. सगळे उठान घराक इले."

"आणि तुमी?"

"मी पण इलंय." आयेचा आवाज कोरडा होता. "तुझो सासरो गेलो तेव्हा मी बावीस वर्सांची. माझो भाव न्हेवक इल्लो. मुंबैक न्हेतलंय म्हणालो, शिवणकाम शिकवतलंय. ह्या घरच्यांनी कौल लावल्यानी. डावो इलो म्हणान सांगल्यानी, मी गप रवलंय. तीस वर्सां झाली गो. पयलो कौल काय होतो, तां मी कधी इचारलंय नाय."

बाहेर कुणीतरी भात राखायला कोंबड्या हाकत होतं.  आत कुठेतरी राग यायला हवा होता, असं रुक्मिणीला वाटलं. तो आला नाही. पण हात हलले. बांधलेली गाठ तिने सोडली, तीन पुस्तकं आणि प्रवेशपत्र बाजूला काढलं आणि बाकीची पुन्हा बांधली.

"परवा सकाळी मी जातलंय, आये," ती म्हणाली.

परवाची सकाळ झाली. दाजी पडवीत बसून दात घासत होता. रुक्मिणी पांढऱ्या लुगड्यात, बगलेत बोचकं घेऊन पुढच्या दाराशी आली, तशी त्याच्या हातातली राखुंडी सांडली.

"कौल इसारलंस?"

"नाय. तीनय कौल माका ठावक आसत," ती म्हणाली. अकरा महिन्यांत ती प्रथमच त्याच्यासमोर उजेडात उभी होती. "देवाक चौथ्यांदा कित्याक त्रास? मी जातलंय."

दाजीने आईकडे पाहिलं. आयेने पदर खोचला आणि सुनेच्या आधी उंबरा ओलांडून खळ्यात उतरली.

"आये! सगळी वाडी बघता!"

"बघांदे. आमी दोघीय रांडमुंडी. कोण कोणाक अपशकून करतली?"

वाडी खरोखरच बघत होती. दगडी गडग्याआडून, विहिरीवरून, माडाखालून. दाजी अडवायला आला नाही आणि पोचवायलाही आला नाही. तो खाली मान घालून सांडलेली राखुंडी गोळा करत बसला. आयेने सुनेला खाडीच्या तरीपर्यंत सोडलं. पलीकडे मोटार होती.

सावंतवाडीच्या परीक्षेच्या खोलीत देखरेखीला आलेल्या गृहस्थांनी प्रवेशपत्र पाहिलं, मग रुक्मिणीचं मोकळं कपाळ पाहिलं आणि भल्या मनाने पेन उघडलं.

"इथे सौ. आहे, बाई. गं. भा. करून देतो."

"नको," रुक्मिणी म्हणाली. "नुसतं रुक्मिणी लिहा."

करुणरसावर प्रश्न आला होता. जडतेला उदाहरण द्यायचं होतं. पाठ केलेली चार कवितांची उदाहरणं तिच्याजवळ होती. त्यांतलं एकही तिने दिलं नाही. भात उकडताना तपेल्याकडे बघत बसलेली एक बाई तिने दीड पान लिहिली. लिहिताना अक्षर कुठे हललं नाही. रडू तेव्हाही आलं नाही.

ते आलं तिसऱ्या दिवशी, परतीच्या वेळी. तरीची होडी अलीकडच्या काठाला लागली, तेव्हा आये तिथे उन्हात बसलेली होती. हात देऊन तिने सुनेला उतरवून घेतलं आणि विचारलं, "कसो गेलो गो पेपर?"

इतकंच. पण 'कसं गेलं, कशी आहेस' असं अकरा महिन्यांत रुक्मिणीला कुणी विचारलंच नव्हतं. जे काही विचारायचं, ते सगळं तिच्याविषयी देवाला विचारलं गेलं होतं. ती तिथेच रेतीत बसली आणि पुस्तकात दिलेल्या साऱ्या खुणांनिशी रडली.

निकाल काय लागला म्हणून वाचक विचारतील. ती पास झाली आणि देवगडला शिकवूही लागली. पण मला सांगायचं होतं ते निकालाचं नव्हे. दाजी अजूनही म्हणतो, की देवाच्या शब्दाबाहेर आपण कधी गेलो नाही. आणि तो खोटं बोलतोय असं त्याला स्वतःला वाटत नाही. तुमच्या-आमच्या घरातही माजघरापलीकडे कुणीतरी बसलेलं असेल. तिला डावा कौल मिळालाय, असं आपण सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं असेल. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एकदा विचारून बघा, पहिला कौल काय होता?