बाकावरची सुनावणी

नीलमने फाईल मिटली आणि पुढची तारीख सांगितली.

"मॅडम, कागद सगळे जोडलेत," वकील श्रीनाथ म्हणाले. "उताऱ्यावर नाव चुकलं ते ऑफिसकडूनच. समोरच्याची हरकत नाही. सुनावणीशिवाय आजच निकाल देता येतो."

"येतो. पण ऐकून घेतल्याशिवाय मी देत नाही."

श्रीनाथांचे अशील चिंतामणी मागे उभे होते. पंच्याहत्तरीचे, निवृत्त अधिकारी. त्यांनी नमस्कार केला आणि काठी टेकत बाहेर पडले. ही चौथी तारीख. दर वेळी नीलम त्यांना दहाला बोलवायची आणि पाचपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायची.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या आईला, गुणाबाईला, कडोलीच्या अंगणवाडीतून काढून टाकलं होतं. पोरांचा तांदूळ विकल्याचा आळ होता. अपील चिंतामणींकडे गेलं. साक्षीला पाच पोरांच्या आया घेऊन गुणाबाई बेळगावला आली आणि दिवसभर बाहेर बसली. संध्याकाळी शिपायाने तिच्या हातात कागद दिला. सुनावणीची गरज नाही, अपील फेटाळले. पुढे गावात तिचं नावच 'तांदूळवाली' पडलं.

खरं तर ही फाईल नीलमने दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायला हवी होती. तिने ती ठेवून घेतली.

घरी गुणाबाई भाकरी थापत होती.

"आजबी बसवलं त्यास्नी," नीलम म्हणाली.

"पाचपातूर?"

"व्हय."

"फुडची तारीख कवा?"

त्या तारखेला गुणाबाई कुणाला न सांगता आली. इस्त्रीचं लुगडं नेसून ती चिंतामणींच्या शेजारी बाकावर बसली. दार अर्धं उघडं होतं. नीलमला आत सगळं ऐकू येत होतं.

"तुमचंही काम अडकलंय का?" चिंतामणींनी विचारलं.

"लई वर्सं झाली."

"हल्ली असंच चालतं. मी खुर्चीत होतो तेव्हा कुणाला ताटकळत ठेवलं नाही. कागद बघायचा, पहिल्याच दिवशी निकाल."

"व्हय. माझाबी तसाच लावलासा."

चिंतामणींनी वळून पाहिलं. चेहरा ओळखू येईना.

"कडोलीची अंगणवाडी," गुणाबाई म्हणाली. "तांदूळ. तवा आत बोलवला न्हाईसा. आता ऐका."

ते उठू लागले. पण आपलं नाव केव्हाही पुकारलं जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. काठीवरचा हात तसाच ठेवून ते पुन्हा बसले. गुणाबाईचा आवाज चढला नाही. पोती किती आली, कुलपाची किल्ली कुणाकडे असायची, तक्रार करणाऱ्याचं आणि तिचं कशावरून बिनसलं होतं, ती एकेक सांगत राहिली.

आत चिंतामणींच्या बाजूने टाइप केलेला निकाल सहीसाठी टेबलावर होता. परशराम शिपाई दाराशी आला.

"पुकारू का मॅडम?"

नीलमने पेनाचं टोपण लावलं.

"थांब. बाईंचं बोलून होऊ दे."