नारायणरावांचं मन हितंच हाय

"माझं मन? मी सोडल्याशिवाय ते दावं तोडत नाही!" बारामतीच्या स्टँडवर नारायणरावांनी पानवाल्याला ठणकावलं आणि ऐटीत गाडीत चढून इंदापूरचं तिकीट मागितलं.

"मास्तर, ही मोरगावची हाय," कंडक्टर म्हणाला. "इंदापूरची ती पलीकडं."

नारायणराव कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. पीएचडीला विषय घेतला होता, माणसाचं मन दिवसभर किती भटकतं आणि रोजच्या कटकटींशी त्याचं काय नातं. माणसाच्या हाती गजराचं घड्याळ द्यायचं, गजर झाला की विचारायचं, "आत्ता मन कुठं होतं?" अडचण एकच. ज्याला विचारावं तो टोपी सारखी करायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "हितंच की सर! तुमी समोर बसल्यावर कुठं जातंय?" पाहुण्यापुढं बसून मन दुसरीकडं होतं म्हणणं म्हणजे त्याचा अपमानच. अख्ख्या तालुक्यात एकाचंही मन हललं नव्हतं.

त्याच कॉलेजातल्या प्रमोदिनीबाईंचा विषयही तोच. त्यांना मात्र इंदापुरात लोक पोटातलं सगळं ओतून देत होते. शनिवारी गाइड पुण्याच्या परिषदेसाठी दोघांतला एकच निवडणार होते. नारायणरावांचा जळून कोळसा झाला होता. बाईंची युक्ती चोरून बघायची, जमलं तर त्यांची माणसंच फोडायची, म्हणून ते पिशवीत सहा घड्याळं घालून निघाले होते. सगळ्यांना अकराचा गजर.

गाडीभर एकच विचार. बाई लोकांना भजी चारतात का? का त्यांच्या घड्याळाचा आवाजच गोड आहे?

इंदापूरला उतरले तर समोर भाजीवाल्या सिंधुबाईंच्या पाटीशेजारी प्रमोदिनीबाई, आणि दोघी खिदळताहेत! पिशवी बाकावर टेकवून नारायणराव रसवंतीच्या आडोशाला धावले. चरकाचे घुंगरू थांबले तेव्हा कुठं ऐकू आलं.

"मावशी, आधी माझं सांगते. माझं मन आमच्या नारायण सरांवर होतं. किती निवांत माणूस! जळते मी त्यांच्यावर."

"माझं म्हणशील तर जावंच्या नव्या पाटल्यांत! म्होरं मेथी हाय, पर दिसतंय तिचं मनगाट."

आधी स्वतःचं सांगायचं, एवढीच ती युक्ती. पण नारायणरावांच्या कानात शिरलं ते निराळंच. 'जळते मी त्यांच्यावर.' आहाहा! ते वाक्य ते उसाच्या कांड्यासारखं चघळत उभे राहिले.

तेवढ्यात स्टँडवर पळापळ झाली. बाकावर एक बेवारस पिशवी टिकटिकत होती. मुंबईतल्या स्फोटांपासून भोंग्यावर रोज बजावायचे, बेवारस वस्तूला हात लावू नका. त्यात अकरा वाजले आणि पिशवी केकाटायला लागली.

"बॉम हाय गं बया, बॉम!" सिंधुबाईंनी मेथी टाकून धूम ठोकली.

"बघता काय! पाण्यात बुडवा!" सगळ्यांत मोठा आवाज नारायणरावांचा. हवालदारानं बांबूच्या टोकाला पिशवी अडकवली आणि जनावरांच्या हौदात सोडली.

लोकांची थरथर थांबायच्या आत प्रमोदिनीबाई एकेकाला विचारत सुटल्या, आणि जो तो भडाभडा बोलू लागला. एवढा माल त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता. फिरत फिरत त्या नारायणरावांपाशी आल्या.

"सर, तुम्ही इथं? बरं सांगा, गजर झाला तेव्हा मन कुठं होतं?"

नारायणरावांनी कॉलर सारखी केली. "हितंच की, बाई."

हवालदारानं निथळती पिशवी वर काढली आणि तिच्यावर रेशमानं भरलेलं नाव मोठ्यानं वाचलं.