दाराची मद्रिना, गाडीचा पाद्रिनो

मागायचं काम आमच्या घरी माझ्या बायकोचं, अंपारोचं होतं. आमच्या लोकांत मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा साजरा होतो. आमच्या मारिसेलाला पंधरावं लागलं तेव्हा मी अजून तासावर पैसे घेऊन शिकवत होतो, तरी हॉल भरून पाहुणे जेवले. केक तिच्या मावशीने दिला, बूट शेजाऱ्यांनी, बँड माझ्या चुलतभावाने. जो जे देईल त्या वस्तूचा तो पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, बाई असेल तर मद्रिना, आणि जेवणाआधी माइकवरून प्रत्येकाचं नाव पुकारायचं. अंपारो घरोघर फिरली होती. माझ्याकडे गाडी चालवायचं काम होतं.

अंपारो जाऊन बरीच वर्षं झाली. या फेब्रुवारीत, बदाम फुलले त्या आठवड्यात, सोकोरो बियासेन्योर माझ्या खोलीत येऊन टेबलावर बसली. सोकोरो आमच्या समाजशास्त्र विभागाची प्रमुख. एके काळची माझी विद्यार्थिनी, अजून मला प्रोफेसरचं 'प्रोफे' म्हणते.

"प्रोफे, मुलगी हातची जाणार," ती म्हणाली.

मुलगी म्हणजे सेनाइदा ओचोआ. कितीतरी वर्षं मागणी केल्यावर आमच्या विभागाला आमच्याच, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचा अभ्यास शिकवणारी एक जागा मिळाली होती. जाहिरातीत आम्हा लोकांसाठी 'लॅटिनेक्स' असा नवा शब्द होता. माझी बहीण म्हणाली, हे खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं. पण उमेदवार आले, व्याख्यानं झाली, आणि सेनाइदा बोलली तेव्हा निवड समितीत वाद घालायला काही उरलंच नाही. मळ्यावर जाणाऱ्या बायका पहाटे कोणाच्या गाडीत बसायचं आणि कोणाच्या नाही हे कसं ठरवतात, यावर ती बोलली. मागच्या रांगेतल्या मुली खुर्च्यांवरून पुढे सरकून ऐकत होत्या. त्यांच्या आया त्याच गाड्यांतून जातात.

आता किनाऱ्यावरचं एक श्रीमंत विद्यापीठही तिला बोलावत होतं, आणि शुक्रवारी तिला उत्तर द्यायचं होतं. तिने सोकोरोला सरळच सांगितलं होतं, मला घरच्या बाजूला यायचंय, पण हात बांधून घेऊन येणार नाही. तिला चार गोष्टी हव्या होत्या. रस्त्यावर दार उघडणारी एक खोली; का ते आम्हाला ठाऊक होतं, आवाराच्या फाटकावरच्या वर्दीवाल्या पहारेकऱ्यासमोरून कागदपत्रं नसलेल्या मळ्यावरच्या बायका तिच्या अभ्यासासाठी मुलाखत द्यायला येणार नाहीत. गावांतून फिरायला एक मोठी गाडी. तिच्या लहानगीला पाळणाघरात जागा. आणि पहिल्या सत्रात शिकवायचा एक वर्ग कमी.

"डीन काय म्हणाले?"

"म्हणाले, पगार दिला. बाकी मागाल तर माझ्याकडे द्यायला खुर्चीसुद्धा नाही." सोकोरोने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पाद्रिनो शोधायचे, प्रोफे. एकेका वस्तूला एकेक."

"मग जा की तू."

"मी? माझं या आवारात सगळ्यांशी भांडण झालंय. तुमचं कोणाशीच नाही. तुम्ही कोणाशी बोललाच नाहीत ना!"

रात्रभर मी वाक्यं जुळवली, आणि सकाळी नर्सिंगच्या प्रमुख कोराझोन बालुयोत यांच्या दारात त्यातलं एकही आठवेना. मी म्हणालो, "बाई, तुमच्याकडे एक दार आहे."

"कसलं दार?" त्यांनी विचारलं. मग मी कसंबसं सगळं सांगितलं. पाद्रिनो शब्द ऐकल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, आम्ही फिलिपिनो! आमच्या लग्नात यांची रांग लागते. जुन्या दवाखान्याची खोली आहे, दार थेट बसथांब्यापाशी. पण दाराची मद्रिना मी. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं नाही."

पाळणाघर येसेनिया बारागानकडे होतं. ती म्हणाली, "प्रोफे, तुम्ही मला नापास केलं होतं."

"आठवत नाही गं," मी म्हणालो.

"मला आठवतं. म्हणून तर परत बसले नि शिकले. आणा त्या पोरीला."

शेतकी कॉलेजचा लिंडक्विस्ट हा लालबुंद, उंचापुरा माणूस. त्याला मी "गाडीचे पाद्रिनो व्हा" म्हणालो तर तो घाबरला. "म्हणजे चर्चमध्ये यावं लागेल?"

"नाही. फक्त गाडी द्यायची."

"एवढंच? मग मला काय मिळणार?"

"तुमचं नाव पुकारलं जाईल. मोठ्याने."

"कोण पुकारणार?"

"मी," म्हणालो, आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

"तुझा आवाज तर मी आजच ऐकतोय!" तो खो खो हसला. "कापणीचे दिवस सोडून गाडी तुझी."

राहिला एक वर्ग. तो शिकवायला कोणी उसना द्या म्हटलं, तर गणितवाले नाही म्हणाले, राज्यशास्त्रवाल्यांनी दार उघडलं नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे डीनच्या खोलीत जमलो. बालुयोतबाई, येसेनिया, लिंडक्विस्ट, सोकोरो. मी दारामागे उभा होतो. सोकोरोने काय काय जमलं ते सांगितलं. डीन प्रॅट चष्मा पुसत म्हणाले, "कौतुक आहे. पण त्या वर्गासाठी माणूस नेमायला पैसे नाहीत, आणि तो वर्ग संख्याशास्त्राचा. तो बंद ठेवता येत नाही."

मग माझ्याच तोंडून शब्द बाहेर पडले. "पैसे नकोत, साहेब. तुम्ही संख्याशास्त्र शिकवायचात ना?"

प्रॅटांचा चष्मा पुसणारा हात थांबला. मला वाटलं, संपलं. एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं ते बरोबरच होतं.

"मी वर्गात उभा राहून किती वर्षं झाली माहीत आहे?" प्रॅट म्हणाले.

"अहो, घ्या की!" लिंडक्विस्ट गरजला. "मी गाडी दिली, तुम्ही काय नुसते केक खायला येणार?"

बालुयोतबाई हसल्या, मग येसेनिया. प्रॅटांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सकाळचा तास नको," ते म्हणाले. "दुपारचा असेल तर घेतो."

सोकोरोने तिथूनच सेनाइदाला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि फोन माझ्यापुढे धरला. मी हळू आवाजात सांगायला लागलो. दाराची मद्रिना, कोराझोन बालुयोत. पाळणाघराची मद्रिना, येसेनिया बारागान. गाडीचा पाद्रिनो, गस लिंडक्विस्ट. संख्याशास्त्राचा पाद्रिनो, डीन हॅरल्ड प्रॅट.

"सेनाइदा?" सोकोरो म्हणाली. "आहेस ना?"

"आहे." ती हसत होती की रडत होती, कळेना. "तिकडचे लोक परवा विचारत होते, दार रस्त्यावरच कशाला हवं. तुम्ही कोणी विचारलंच नाहीत. येते मी, प्रोफे. त्यांना आत्ताच 'नाही' कळवते."

सोकोरो किंचाळली. लिंडक्विस्टने डीनच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा खाली आला. तेवढ्यात फोनमध्ये दुसराच आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, खणखणीत.

"कोण बोलतंय हे? मी तिची आई. काय पुटपुटताय? माझ्या मुलीचे पाद्रिनो कोण ते मला नीट ऐकू आलं नाही. परत सांगा, पुकारून सांगा!"

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी दारामागून पुढे आलो, घसा साफ केला आणि पहिल्या नावापासून पुकारायला लागलो. बाहेर व्हरांड्यातून जाणारी मुलं थांबून आत डोकावायला लागली. मी आवाज खाली आणला नाही.