करमणूक झालेल्यांची संख्या

परवाना खात्यात मी तपासनीस आहे. कुठे दारू विकायची, कुठे गायचं आणि कुठे दोन्ही, हे आमच्याकडे ठरतं. दारूच्या जागी करमणूक आढळली आणि करमणुकीचा वेगळा परवाना नसला, तर दारूचाही परवाना जातो. नियम मी केलेला नाही. मला विचारलं असतं तर बराच लहान केला असता.

बस थांब्यामागच्या बारविरुद्ध शेजारच्या किल्लीवाल्याने तक्रार दिली, की तिथे रोज संध्याकाळी सहाला मालकिणीचे सासरे गातात. नवरा गेल्यापासून मालकीण एकटीने बार चालवत होती. बार गेला असता तर सून आणि सासरे दोघंही रस्त्यावर आले असते.

तपासणीची आमची रीत ठरलेली आहे. आधी पत्र पाठवायचं, मग जायचं. तासभर बसून किती ग्राहकांची करमणूक झाली ते मोजायचं, अहवाल तिथेच लिहून मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. आधी पत्र पाठवल्यावर काय डोंबल सापडणार, हे विचारायची खात्यात पद्धत नाही.

मी गेलो तेव्हा सात गिऱ्हाईकं मयताला आल्यासारखी बसली होती. मालकिणीने त्यांना पढवून ठेवलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सांगितलं नव्हतं ते फक्त सासऱ्यांना. 'आज गाऊ नका' म्हणायची तिची छाती झाली नव्हती.

सहाला सासरे फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसले, घसा खाकरला आणि गाऊ लागले. आवाज थोडा फाटका, पण सूर पक्का. पहिलं गाणं संपलं. कोणी टाळी वाजवली नाही. एकाने नाक शिंकरलं. दुसरं गाणं त्यांनी जास्त जीव ओतून म्हटलं, तेव्हा एक गिऱ्हाईक उठून भिंतीकडे तोंड करून बसलं. तिसऱ्या गाण्यानंतर सासरे काउंटरकडे बघून म्हणाले, "आज काय झालंय गं सगळ्यांना?"

"दमलेत, बाबा," मालकीण म्हणाली.

मी लिहिलं आणि रीतीप्रमाणे वाचलं, "गायन आढळले. करमणूक झालेल्या ग्राहकांची संख्या शून्य."

सातही जणांनी माना खाली घालून सह्या केल्या. शेवटी कागद सासऱ्यांकडे गेला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि वळणदार सही केली. "बारा वर्षं गातोय," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बार वाचला, बार वाचला, असं मी स्वतःला घरी पोचेपर्यंत सांगत होतो.

महिन्याने मालकीण आमच्या खिडकीशी आली. हातात करमणुकीच्या परवान्याचा अर्ज.

"बाबा गात नाहीत हो. 'तुमच्यासाठीच केलं सगळं,' म्हणून त्यांना किती समजावलं. म्हणतात, सरकारी कागद खोटं कशाला बोलेल."

"मग हा परवाना कशाला?"

"हाही सरकारी कागदच की."

अर्जातला नववा रकाना असा आहे: 'सदर गायनाने पूर्वी कोणाची करमणूक झाली असल्यास त्याची सही.' घरच्यांची सही चालत नाही. गिऱ्हाईकांच्या सह्या शून्याखाली पडलेल्या. मी तारीख पाहिली. तक्रारीवर कारवाईची मुदत तीस दिवसांची, ती आदल्या दिवशी संपली होती. बारला आता कोणी हात लावू शकत नव्हतं. मी पेन काढलं आणि रकान्यात लिहिलं, 'माझी झाली. तिन्ही गाण्यांनी. दुसऱ्याने जास्त.' खाली सही, हुद्दा, शिक्का.

तिला परवाना मिळाला. मला नोटीस मिळाली. 'कामाच्या वेळेत विनापरवाना करमणूक करून घेतल्याचे आपण लेखी कबूल केले आहे. खुलासा करावा.' आमच्या खात्याच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मालकिणीचा निरोप आला की बाबांना त्या नोटिशीची प्रत हवी आहे. मी दिली.

परवा सहाला गेलो. सासरे स्टुलावर होते आणि दुसरं गाणं चाललं होतं. परवाना काउंटरमागे बाटल्यांआड कुठेतरी आहे. स्टुलाच्या वर, काचेच्या चौकटीत, माझी नोटीस आहे.