डब्यातला इक्बाल

वॉर्डाच्या भिंतीवर तो डबा लागला आणि माझा व्हरांडा गेला.

आधी डॉक्टरसाहेब राउंडला म्हणायचे, "हिचं रक्त तपासा," की गौरा सिस्टर मला पिटाळायची. मी वॉर्डातली आया. व्हरांड्याच्या पार त्या टोकाला लॅब, आणि लॅबमध्ये माझा नवरा, इक्बाल. मी निरोप द्यायचे, तो सुया-नळ्यांचा ट्रे उचलायचा आणि आम्ही दोघं चालत परत यायचो. घरी सासू, नणंदा, आणि छातीला चिकटलेला मुन्ना. नवराबायकोनं बोलायचं कुठे? त्या व्हरांड्यात. "रात्री झोपलीच नाहीस ना," तो हळूच म्हणायचा. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

आता गौरा बटण दाबते. इंटरकॉम म्हणतात त्याला. "इक्बालभाई, खाट पाच, चिमी, हिमोग्लोबिन." डबा खरखरतो आणि इक्बाल सगळं परत म्हणतो, नीट ऐकलं हे कळावं म्हणून. पण इतकं मधाळ? घरी मीठ मागताना कुठे जातो हा गळा? डॉक्टर तर डब्यावर खूश. एक्स-रे असो, ठाण्याला पाठवायच्या पेशंटची गाडी असो, सगळं डब्यावरच.

"जळतेस काय गं?" गौरा हसली. "भाई म्हणते मी त्याला."

"म्हण की. जरा खडबडीत म्हण."

त्या दिवशी डब्यातून चिमीचं नाव आलं आणि तिची सासू धोंडीबाई ताडकन उठली. वांगणीहून आलेली. सून ओली बाळंतीण, ओठ पांढरेफटक, अंगात रक्त म्हणून नाही. धोंडीबाईनं नातू फडक्यात बांधला आणि सुनेचा दंड धरला.

"चल घरा. तोंड नाय दिसत नि नाव घेतो. असल्या हाकेला ओ देऊ नाय. नेतो तो!"

गौरानं समजावलं, डॉक्टर ओरडले. म्हातारी दारापर्यंत पोचली. मला वाटलं, गप्प बसावं. अशा दोघी-चौघी उठून गेल्या की डबा निघेल, व्हरांडा पुन्हा माझा. पण चिमीच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग होते. माझ्याही पोलक्यावर तेव्हा तेच होते.

"आजी, भूत नाय तो," मी आडवी आले. "माझा घरवाला आहे. ये, तूच विचार."

मी बटण दाबलं. धोंडीबाईनं लांबूनच मान पुढे केली.

"कोन रं तू?"

"इक्बाल. रक्त तपासतो."

"लगीन झाला?"

"झालं, आजी."

"कोनासंग?"

"नजमासंग. तिथंच असेल बघा. सकाळपासून जेवली नाही ती. तिला म्हणावं, आधी चार घास खा."

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. गौरानं तोंडावर पदर धरला. माझे कान तापले.

"भूत असं नाय बोलत," धोंडीबाई म्हणाली आणि सुनेला खाटेवर बसवलं.

चिमीला रक्त चढलं, ओठांवर रंग आला. डबा मात्र राहिला. व्हरांडा गेला तो गेलाच. आता धोंडीबाई डब्याखालीच बसते. कोणी नसलं की बटण दाबते, आपल्या नातवाचं रडणं, सुनेचं दूध, सगळं त्याला सांगते. तोही निवांत ऐकून घेतो.

काल मी गौराला विचारलंच, "म्हातारीला घरी कधी सोडणार गं?"