चार पूर्णांक शून्य

रक्तपेढीतल्या कॉम्प्युटरला चार यूएसबी पोर्ट होते. एक कधीच वारला होता, दुसऱ्यात कीबोर्ड, तिसऱ्यात माऊस. उरलेल्या चौथ्यावर अख्ख्या खात्याचा संसार चालला होता. त्याला एक हब, त्या हबला दुसरा हब, दुसऱ्याला तिसरा. वेगळी वीज घेणारा हब मागवला होता, पण भिंतीत प्लगला जागा नाही म्हणून भांडारातून साधाच आला.

कोणाची वायर काढायची मात्र सोय नव्हती. एकदा कोणीतरी मोबाईल चार्ज करायला स्कॅनर उपटला आणि दिवसभराच्या नोंदी गेल्या. तेव्हापासून मोठ्या मॅडमची सूचना होती : 'दुसऱ्याची वायर काढू नये. जागा हवी असल्यास वाढवावी.' ती चिकटवायला सपाट जागा सापडली ती फ्रिजच्या दारावर, नेमकी तापमानाच्या डायलवर. कोणाची हरकत नव्हती. फ्रिजमधल्या सेन्सरचा आकडा आता स्क्रीनवर दिसायचाच.

इथल्या तंत्रज्ञाला सगळे भाचा म्हणत, कारण त्याचा मामा महिनाभर वरच्या वॉर्डात होता. वडिलांमागे याच मामानं त्याला वाढवलं होतं. मामाचा रक्तगट इतका दुर्मीळ, की सहा आठवडे शोधून दोन अनोळखी माणसांच्या मिळून दोन पिशव्या जमल्या. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं, त्या पिशव्यांशिवाय सुरी उचलणार नाही. आणि पोटातली गाठ आणखी महिनाभर थांबणार नाही. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी होतं.

मामा दिवसातून तीनदा फोन करून आपल्या सामानाची चौकशी करायचा. भाचा स्क्रीनकडे बघून चार डिग्री सांगायचा. मग आपल्यापेक्षा सामानाचीच बडदास्त चांगली आहे, असं म्हणून मामा फोन ठेवायचा.

नऊ दिवसांपूर्वी मॅडमचं पाय शेकायचं यंत्र आलं. तेही यूएसबीवर चालणारं. त्याला जागा द्यायला सगळे एकेक घर सरकले आणि सेन्सर तिसऱ्या हबच्या टोकाला गेला. तिथवर त्याची वायर पुरेना. भाच्यानं स्वतःच्या खिशातून आणून एक्स्टेन्शन जोडलं. सांधा जरा जाड होता, बरोबर दाराच्या रबरात यायचा. गुडघ्यानं दाबलं की दार लागायचं. डोकं चालवल्याबद्दल त्यानं त्या दिवशी एक चहा जास्त घेतला.

आणि तेव्हापासून आकडा सुधारला. पूर्वी दार उघडलं की तो साडेपाचावर जायचा, मग तीनावर, सगळ्यांचा जीव टांगणीला. आता सरळ ४.०. मॅडमनी आलेख छापून भिंतीवर लावला. पट्टीनं ओढल्यासारखी रेघ होती. रुग्णालयाचे प्रमुख मुद्दाम येऊन पाहून गेले. इतर खात्यांनी यातून शिकावं, असं म्हणाले.

गुरुवारी दुपारी भाच्यानं मामाच्या रक्ताशी जुळणीसाठी पिशव्या काढायला दार उघडलं, तेवढ्यात मामाचा फोन आला. उद्या दाढी करून यायची की तिथे करतात, हा प्रश्न होता. बोलणं पाचेक मिनिटं चाललं. दार उघडंच होतं. फोन ठेवताना भाच्याचं स्क्रीनकडे लक्ष गेलं. ४.०.

त्यानं सेन्सर बाहेर काढून मुठीत धरला. स्क्रीनच्या मते भाचा चार डिग्रीचा होता.

तो वाकून वायरी चाचपत गेला. टेबलाखाली तिसऱ्या हबचा दिवा विझलेला होता. इतक्या जणांना पुरवता पुरवता शेवटच्याला वीजच उरली नव्हती, आणि कॉम्प्युटर नऊ दिवस शेवटचा ऐकलेला आकडा दाखवत बसला होता. भाच्यानं पाय शेकायच्या यंत्राची वायर धरली.

"सूचना वाचलीये ना?" मॅडम म्हणाल्या.

त्यानं ती उपटली. सेन्सर परत आत ठेवला, दार गुडघ्यानं दाबलं, त्याची वायर पहिल्या हबमध्ये खुपसली. कॉम्प्युटरनं पाहुणा आल्यासारखा आनंदी आवाज केला. आकडा हलला. ११.३.

दार मिटल्यावरही रबराला बोटभर फट होती. तिच्यात त्याचा तो सांधा बसला होता. थंडी मोजायला आणलेल्या वायरीनंच थंडी बाहेर सोडली होती. त्यानं सूचनेचा कागद सोलला. खाली डायलचा काटा अकराच्या पुढे होता. कागदाखाली तो इतके दिवस खरं सांगत होता.

मॅडमनी यंत्रातून पाय काढून चपलेत घातले. "नऊ दिवस?" त्यांनी हळू विचारलं. भाच्यानं मान हलवली. दोन्ही पिशव्यांवर 'वापरू नये'ची लाल चिकटपट्टी लावताना त्याच्याकडून दोन्ही तिरक्या लागल्या.

फोन पुन्हा वाजला.

"दाढी इथेच करतात म्हणे," मामा म्हणाला. "आणि सामान?"

सवयीनं 'चार' ओठांवर आलं होतं.

"मामा, मी वर येतोय."

"का रे? आकडा फोनवर मावत नाही का?"

भाच्यानं फोन ठेवला. भार उतरल्यामुळे टेबलावरचा, त्याच हबला जोडलेला छोटा पंखा आज प्रथमच पूर्ण वेगानं फिरायला लागला होता, आणि त्याच्या वाऱ्यानं भिंतीवरची सरळ रेघ फडफडत होती.